शनीजवळचं जंगल

मुलांनो, व्हिडिओ कॅसेट तुमच्यापैकी किती जणांनी हातात धरून पाहिली आहे? वहीएवढी, काळी, जाडजूड डबी. आत गुंडाळलेली तपकिरी फीत. माळ्यावर शोधा, आईबाबांच्या लग्नाची एखादी सापडेलही! १९८८ साली मी नववीत होतो. ही कॅसेट लावायचं यंत्र, म्हणजे व्हीसीआर, तेव्हा आमच्या चाळीत कोणाकडेच नव्हतं. ते भाड्यानं आणायचं. बिऱ्हाडागणिक वर्गणी काढायची, एका रात्रीचं भाडं भरायचं आणि ते वसूल व्हावं म्हणून ओळीनं तीन सिनेमे पहाटेपर्यंत बघायचे. दोन मोठ्यांच्या पसंतीचे, तिसरा आम्हा पोरांचा.

आम्हाला हवा होता 'स्टार वॉर्स'. कॅसेटवाल्याकडे तो नव्हता. त्यानं फळीवरून दुसरीच कॅसेट काढली आणि म्हणाला, "हा न्या. यातपण यानं आहेत." नाव होतं 'सायलेंट रनिंग'. पहाटे तीनला तो लागला, तेव्हा मोठी मंडळी सतरंजीवर घोरत होती. इंग्रजी संवाद आम्हाला पाचातला एक कळत होता. पडद्यावरून मधूनच पांढऱ्या रेघा पळत होत्या. तरीसुद्धा शेवट आला तेव्हा आम्ही सहाही जण एकमेकांची नजर चुकवून डोळे पुसत होतो. कशासाठी? तर एक बुटका यंत्रमानव अवकाशात एकटाच झारीनं झाडांना पाणी घालत असतो, म्हणून!

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आणि भाचा राहायला आले. ती सातवीत, तो दहावीत. मी मोठ्या प्रौढीनं सांगितलं, "चला, तुम्हाला एक जुना सिनेमा दाखवतो." आता माझ्याकडे त्याची डीव्हीडी आहे. रेघा नाहीत, वर्गणी नाही, आणि इंग्रजीही बऱ्यापैकी कळतं. पण जुनी वस्तू पुन्हा बघायला घेतली की एक धोका असतो बरं का. आपल्याला आठवत असतं त्यापेक्षा ती वेगळीच निघते.

गोष्ट अशी. (ज्यांना आधी कळायला नको असेल, त्यांनी हे पान सिनेमा पाहून झाल्यावर वाचावं.) भविष्यकाळ आहे. पृथ्वीवर जंगल उरलेलं नाही. जी काही झाडं वाचली, ती प्रचंड काचेच्या घुमटांखाली लावून अवकाशयानांवर चढवली आहेत. एकेका यानावर सहा घुमट. ही यानं शनी ग्रहाच्या बाजूला फिरत आहेत. 'व्हॅली फोर्ज' नावाच्या यानावर चार माणसं आहेत. त्यांच्यातला फ्रीमन लोवेल हा वनस्पतिशास्त्रज्ञ. तो सशांना खाऊ घालतो, वाफे खणतो, स्वतः पिकवलेलं खरबूज खातो. बाकीच्या तिघांना घरी परतायची घाई झालेली आहे. ते यानात छोट्या गाड्यांच्या शर्यती लावतात आणि खुशाल त्याच्या वाफ्यांवरून गाड्या नेतात. एक दिवस पृथ्वीवरून हुकूम येतो : घुमट सोडून द्या, अणुबॉम्बनं उडवा आणि यानं मालवाहतुकीसाठी परत आणा.

का उडवायचे? सिनेमात कोणीच नीट सांगत नाही. भाची म्हणाली, "असं कसं? कारण तरी सांगा ना!" मला वाटतं, कारण न सांगण्यातच त्या हुकमाचा खरा कोरडेपणा आहे. पण तिला ते पटलं नाही.

सिनेमा १९७२ चा. दिग्दर्शक डग्लस ट्रम्बुल तेव्हा तिशीचासुद्धा नव्हता आणि दिग्दर्शक म्हणून हा त्याचा पहिलाच चित्रपट. त्याआधी '२००१ : अ स्पेस ओडिसी' या १९६८ च्या गाजलेल्या चित्रपटातल्या अवकाशदृश्यांवर त्यानं काम केलं होतं. त्या चित्रपटातलं यान खरं तर शनीकडे जाणार होतं. पण खरी वाटतील अशी कडी करायला जमेनात, म्हणून गुरूवर भागवलं गेलं. ते ट्रम्बुलच्या मनात राहून गेलं असणार, कारण स्वतःचा चित्रपट मिळताच गडी थेट शनीवरच गेला! लक्षात घ्या, तोवर मानवाचं एकही यान शनीपर्यंत पोचलं नव्हतं. पहिलं गेलं 'पायोनियर ११', तेही १९७९ मध्ये.

पैसे फार नव्हते, म्हणून युक्त्या होत्या. यानाचं आतलं बरंचसं चित्रण झालं ते मोडीत निघालेल्या एका विमानवाहू युद्धनौकेवर. तिचं नाव 'व्हॅली फोर्ज', म्हणून यानाचंही तेच. बाहेरून दिसणारं यान म्हणजे सुमारे २५ फुटी प्रतिकृती. तिच्यावरची बारीकसारीक यंत्रसामग्री आली कुठून? तर मुलांच्या रणगाडा-जोडणीच्या शेकडो खेळण्यांच्या डब्यांतून! आमच्या भाच्यानं हे कळल्यावर सिनेमा तीनदा थांबवून रणगाड्याचे तुकडे शोधले.

जुनेपण मात्र लपत नाही. यंत्रांवर ठोकळ्यांएवढी बटणं, लुकलुकणारे दिवे आणि यानाच्या अंगावर चक्क एका विमान कंपनीची जाहिरात. शनीच्या कड्यांतून यान जातं तेव्हा तर वळवाच्या वादळात एसटी सापडावी तसं हलतं. ती कडी म्हणजे बर्फाचे असंख्य तुकडे, काही धुळीच्या कणाएवढे, काही घराएवढे. हे आज तुम्हाला शाळेतल्या पुस्तकातूनही कळतं. मध्येमध्ये गाणीही आहेत, जोन बाएझ या गायिकेच्या आवाजातली. मला ती आवडतात. भाच्यानं दर वेळी आवाज कमी केला.

भाचीची तक्रार वेगळीच. "मामा, या यानात एकपण बाई नाही!"

एक होती, फक्त दिसली नाही. यानावर तीन बुटके यंत्रमानव आहेत, लोवेल त्यांची नावं ह्यूई, ड्यूई आणि लूई ठेवतो. डोनाल्ड डकचे तीन भाचे आठवले का? हे यंत्रमानव इतके बुटके आहेत की आत माणूस असेल अशी शंकासुद्धा येत नाही. पण आत माणसंच होती. दोन्ही पाय नसलेले चार कलाकार आळीपाळीनं त्या खोक्यांत शिरून हातांवर चालत. त्यांच्यातली एक शेरिल स्पार्क्स. संवाद नाही, चेहरा नाही, नुसतं एक चौकोनी खोकं आणि त्याची चाल. तेवढ्यावर त्यांनी आमच्या चाळीतल्या सहा पोरांना रडवलं होतं. लोवेल या यंत्रमानवांना पत्ते खेळायला शिकवतो आणि त्यांतला एक त्यालाच हरवतो, तो प्रसंग जरूर बघा. पुढे १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये आर-टू डी-टू हा ठेंगणा यंत्रमानव आला, तो यांच्याच कुळातला.

इथपर्यंत आम्ही मजेत होतो. मग जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग आला. लोवेल खरबूज खातोय, बाकीचे कारखान्यात बनवलेलं अन्न. ते त्याला विचारतात, पृथ्वीवर आता रोगराई नाही, गरिबी नाही, सगळ्यांना काम आहे, मग तुझी तक्रार काय? लोवेल चिडून सांगतो की तिथं कुठंही जा, तापमान ७५ अंश. म्हणजे फॅरनहाइट, आपले साधारण २४ सेल्सियस. सगळीकडे तेच हवामान, सगळी माणसंही तशीच. मुलांना चढायला झाड म्हणून नाही.

नववीत असताना हे माझ्या डोक्यावरून गेलं होतं. भविष्यातलं वाईट जग म्हटलं की आपल्याला पडकी शहरं, धूर, उपाशी माणसं डोळ्यांपुढे येतात. इथं तसं काहीच नाही. पोटभर जेवण, नोकरी, गारवा. सगळं ठीक आहे आणि झाडं गेली याचं कोणाला फारसं वाटतही नाही! भाचा हळूच म्हणाला, "२४ म्हणजे आपल्या एसीचंच तापमान की." मी उठून एसी बंद केला नाही, खोटं कशाला सांगू. पण ते वाक्य लक्षात राहिलं.

हा सिनेमा आला त्याच वर्षी, जून १९७२ मध्ये, स्टॉकहोमला पर्यावरणावरची मोठी जागतिक परिषद भरली. आपल्या तेव्हाच्या पंतप्रधान इंदिरा गांधी तिथं बोलल्या होत्या. दर वर्षी ५ जूनला तुम्ही शाळेच्या आवारात रोप लावता ना, तो पर्यावरण दिन या परिषदेमुळेच आला.

आता येऊ या सिनेमातल्या सर्वांत मोठ्या घोटाळ्याकडे. लोवेल हुकूम मोडून एक घुमट वाचवतो आणि यान घेऊन शनीच्या पलीकडे पळतो. 'सायलेंट रनिंग' हा मुळात पाणबुडीचा शब्द. शत्रूला चाहूल लागू नये म्हणून पाणबुडी आवाज न करता जाते, तसा हाही गुपचूप निघालेला. पण काही दिवसांनी त्याचं जंगल मरायला लागतं. पानं गळतात, फांद्या सुकतात. हा शास्त्रज्ञ पुस्तकं चाळतो, माती तपासतो, डोकं धरून बसतो. आणि भाची सोफ्यावरून ओरडली, "अरे, ऊन! ऊन नाहीये त्यांना!"

शाबास! सातवीतल्या मुलीला जे कळलं, ते या तज्ज्ञाला कळायला निम्मा सिनेमा लागतो. पण थांबा, हसण्याआधी एक हिशेब करू. पृथ्वी सूर्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर लांब. शनी साधारण साडेनऊपट लांब. मग तिथं ऊन साडेनऊपट कमी? नाही! विजेरी भिंतीजवळ धरा, उजेडाचं वर्तुळ लहान आणि झगझगीत. अंतर दुप्पट करा, वर्तुळाची रुंदी दुप्पट, उंचीही दुप्पट, म्हणजे तोच उजेड चौपट जागेवर पसरला. अंतर तिप्पट, तर नऊपट जागेवर. तसं साडेनऊ गुणिले साडेनऊ, म्हणजे सुमारे ९०. शनीपाशी ऊन पृथ्वीच्या नव्वदाव्या हिश्श्याएवढंच. म्हणजे लोवेल पळाला नसता, तरी त्या झाडांचं तिथं कठीणच होतं. हे सिनेमावाल्यांनी सोयीस्करपणे विसरून टाकलं आहे.

आणि गंमत पहा. नव्वदावा हिस्सा म्हणजे अंधार नव्हे! उजेड मोजायचं एकक आहे लक्स. आपल्याकडे भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स भरतात. त्याचा नव्वदावा भाग अकराशेच्या आसपास. तुमच्या वर्गात ट्यूबलाइटखाली तीन-चारशे लक्स असले तरी फळा झकास दिसतो. म्हणजे शनीपाशी उभं राहून तुम्ही आरामात हे पान वाचू शकाल. डोळ्याची बाहुली मोठी होते, मेंदू सांभाळून घेतो, आपल्याला वाटतं पुरेसा उजेड आहे. झाडाला असं काही जमत नाही. त्याला उजेड बघायचा नसतो, त्यातून अन्न करायचं असतं. म्हणून दिवाणखान्याच्या कोपऱ्यातली कुंडी 'एवढ्या उजेडात' का मरते, हे आईला कळत नाही. लोवेलही तसाच फसला असेल, असं मी त्याची बाजू घेऊन म्हटलं. भाची म्हणाली, "तो शास्त्रज्ञ आहे, आई नाही." मग मी गप्प बसलो.

शेवटी लोवेल घुमटात मोठे दिवे लावतो आणि झाडं सावरतात. ते मात्र शास्त्राला धरून आहे. आपल्या 'इस्रो'नं ३० डिसेंबर २०२४ ला सोडलेल्या पीएसएलव्ही रॉकेटबरोबर एक छोटी बंद पेटी गेली होती, तिच्यात चवळीचे आठ दाणे. प्रकाशासाठी आत एलईडी दिवे. चार दिवसांत चवळीला मोड आले आणि पुढे पानंही फुटली. आपली उसळीची चवळी बरं का! हे सांगताच भाचीनं स्वयंपाकघरातून आठ दाणे मोजून घेतले. चार एका कुंडीत, खिडकीत. चार दुसऱ्या कुंडीत, बंद कपाटात. पाणी दोघांना सारखंच. तुम्हीही लावून बघा, फक्त कपाट कोणाचं आहे ते आधी विचारा.

आता ज्याबद्दल लिहावं की नाही असा मला प्रश्न होता, ते. लोवेलनं घुमट वाचवला म्हणालो मी वर. कसा वाचवला? स्फोटकं लावायला एक सहकारी घुमटात येतो, त्याला अडवताना झटापट होते आणि लोवेल त्याला ठार मारतो. उरलेले दोघं दुसऱ्या घुमटात काम करत असतात. लोवेल तो घुमट त्यांच्यासकट यानापासून तोडून टाकतो. पुढे त्याचा स्फोट होतो.

भाचीनं रिमोट घेऊन सिनेमा थांबवला. माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, तू मला रोबोचं सांगितलंस. हे नाही सांगितलंस."

मी सांगितलं नाही, कारण मला ते आठवतच नव्हतं! तीन माणसं मेलेली माझ्या लक्षात नव्हती. झारी लक्षात होती, पत्त्यांचा डाव लक्षात होता, ती तीन माणसं पस्तीस-छत्तीस वर्षांत मनातून पार पुसून गेली होती. त्या पहाटे चाळीत आम्ही सहाच्या सहा जण लोवेलच्या बाजूनं होतो. एकानं टाळीसुद्धा वाजवली होती. कदाचित मीच.

मग घरात खडाजंगी झाली. भाचा म्हणाला, "शेवटचं जंगल होतं ते. ते गेलं असतं तर पुन्हा कधीच नाही. तो दुसरं काय करणार?" भाची म्हणाली, "त्या तिघांनी काय केलं होतं? त्यांना वरून हुकूम आला. त्यांना घरी जायचं होतं." "त्यांनी हुकूम मोडायला हवा होता." "म्हणून मारायचं?" माझी बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिनं एकच विचारलं, "पण हा लोवेल त्यांच्याशी ओरडण्याशिवाय कधी बोलला का गं?" आम्ही मागे जाऊन पाहिलं. नाही. महिनोन् महिने चौघं एका यानात राहतात, पण लोवेल त्यांना कधी हात धरून वाफ्यापाशी नेत नाही की एखादं रोप लावायला लावत नाही. भाषण मात्र दर वेळी देतो. अर्थात ते आले असते का, हेही कोणी सांगावं?

सिनेमा त्याला सोडून देत नाही, हे मला या वेळी दिसलं. मारलेल्या सहकाऱ्यासाठी तो यंत्रमानवांकडून जंगलात खड्डा खणून घेतो, त्याला तिथं पुरतो. मग एकटेपणा त्याला खायला लागतो. ज्या गाड्यांवरून तो इतरांवर ओरडायचा, त्याच गाडीत बसून एक दिवस तो स्वतः यानात सुसाट सुटतो आणि ह्यूईलाच धडक देतो.

आईबाबांसाठी एक ओळ : मारामारी फार नाही, पण जी आहे ती खरी वाटते आणि मारणारा नायक आहे. सातवीआठवीच्या पुढच्यांना दाखवा, आणि दाखवताना शेजारी बसा. मोबाईल घेऊन नव्हे.

शेवट तुम्हाला माहीतच आहे. दुसरं यान शोधत येतं. लोवेल घुमट सोडून देतो, आत झाडं आणि एकटा ड्यूई. स्वतः मोडक्या ह्यूईबरोबर मागे राहून यानासकट स्वतःला उडवतो. त्याआधी तो सांगतो की लहानपणी त्यानं बाटलीत चिठ्ठी घालून समुद्रात टाकली होती, नाव-पत्त्यासकट. ती कोणाला मिळाली की नाही, त्याला कधीच कळलं नाही. मग काळ्या अवकाशात तरंगत जाणारा उजळलेला घुमट, आणि आत पोचे आलेली झारी घेऊन ड्यूई. भाचा उठून पाणी प्यायला गेला आणि बराच वेळ आला नाही. भाची रडली नाही. तिनं विचारलं, "त्या ड्यूईला झारीत पाणी कोण भरून देणार?"

मंडळी दोन्ही कुंड्या घेऊन आपल्या घरी गेली. पंधरा दिवसांनी भाचीचा फोन. "मामा, उलटंच झालं! कपाटातली चवळी जिंकली. खिडकीतल्यापेक्षा दुप्पट उंच!"

"रंग कसा आहे?"

थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, "पिवळी पडलीय. आणि दोऱ्यासारखी बारीक."

उजेड शोधत रोप बियातलं साठवलेलं अन्न उंच होण्यात खर्च करतं, आणि उजेडाशिवाय पानांत हिरवा रंग तयारच होत नाही. हे मी तिला सांगेपर्यंत कुंडी खिडकीत पोचलीसुद्धा होती. चारांपैकी दोन रोपं आडवी झाली, एकाचं अजून सांगता येत नाही आणि एक हिरवं होतंय. त्याचं नाव ड्यूई.

लोवेलच्या बाबतीत तुमचं काय मत आहे, तेही पत्रानं कळवा. आमच्याकडे दोन विरुद्ध एक झालंय आणि बहीण म्हणते, ती मत देणार नाही.